संत फ्रान्सिस झेवियर: ताठ मनाची शरणागति



आपल्या धर्मग्रामाच्या जुबिली महोत्सवानिमित्त ही स्मरणिका निघत आहे. तींत एखाद्या साधुपुरुषाचें चरित्र असावें, अशी अनेकांची इच्छा दिसून आली व तें लिहिण्याचें काम आम्हांकडे आलें. जुबिली हा शब्द आज आपण आनंदाच्या अर्थानें वापरतों. परंतु त्याचें मूळ जुन्या करारांतील लेवीय ग्रंथांत आहे, आणि तें केवळ आनंदाचें नाहीं. इस्राएल लोकांत दर पन्नासाव्या वर्षीं शिंग फुंकून जुबिलीची द्वाही फिरविली जाई. त्या वर्षीं दास मोकळे होत, आणि अडचणींत विकली गेलेली शेतजमीन पुन्हां तिच्या मूळ घराण्याकडे जाई. कारण जमीन ही देवाची असून माणूस तिचा केवळ वहिवाटदार आहे, असें त्या नियमशास्त्राचें सांगणें होतें.

आपला परभणी जिल्हा शेतकऱ्यांचा. जमिनीचा ताबा सोडणें किती जड जातें, हें येथें कोणास सांगावयास नको. पण त्याहूनहि जड असा एक ताबा आहे. आपलें मन देवानें निर्माण केलें. तें त्याचेंच शेत. आपण मात्र त्यावर आपली वहिवाट सांगत बसतों आणि मूळ धन्यास बांधावरच थांबवितों. यालाच मनाचा हट्ट म्हणतात. हा हट्ट दुराचारी माणसांतच असतो असें नाहीं. चांगल्या वळणाच्या, शिकलेल्या, नेमानें मिस्सेस येणाऱ्या माणसांतहि तो असतो, आणि तेथें तो ओळखणें अधिक कठीण. म्हणून आम्हीं या प्रसंगीं अशा एका संताचें चरित्र निवडलें आहे, कीं ज्यांचें मन देवाकडे वळण्यास वर्षांमागून वर्षें लागलीं. ते म्हणजे संत फ्रान्सिस झेवियर.

आपल्यापैकीं कित्येकांनीं जुन्या गोव्यास जाऊन बॉम जेजू महामंदिरांत त्यांच्या पवित्र देहाचें दर्शन घेतलें असेल. अगदीं अलीकडे, २१ नोव्हेंबर २०२४ पासून ५ जानेवारी २०२५ पर्यंत, तेथें दर्शनाचा सोहळा झाला. चांदीच्या त्या पेटीपुढें उभें राहिलें म्हणजे भाविकास वाटतें कीं, असा पुरुष जन्मतःच संत असला पाहिजे. आपल्यासारख्यांनीं केवळ हात जोडावे व परत फिरावें. परंतु गोष्ट तशी नाहीं.

फ्रान्सिसचा जन्म ७ एप्रिल १५०६ रोजीं नाव्हार नांवाच्या लहानशा डोंगराळ राज्यांत, झेवियर येथील गढींत झाला. स्पेन व फ्रान्स या दोन बलाढ्य सत्तांच्या चिमट्यांत हें राज्य सांपडलेलें होतें. वडील हुआन दे हासो हे कायद्याचे पंडित व राजाच्या मंत्रिमंडळाचे अध्यक्ष होते. ती गढी आई मारिया आस्पिलक्वेता हिच्या माहेरची. घरांत मान होता, देवधर्म होता. फ्रान्सिस हा सर्वांत धाकटा. तो सहा वर्षांचा असतांना, १५१२ सालीं, स्पेनच्या फौजांनीं नाव्हार जिंकलें. १५१५ सालीं वडील वारले. पुढच्याच वर्षीं नव्या सत्तेच्या हुकुमानें गढीचे बुरूज व तटबंदी पाडण्यांत आली. ज्याच्या घराचा तट त्याच्या दहाव्या वर्षीं जमीनदोस्त झाला, त्या मुलाच्या मनांत काय रुजलें असेल, हें समजण्यास फार विद्वत्ता नको. गेलेलें नांव परत मिळवावें, ही गांठ त्यानें मनाशीं बांधली असल्यास नवल नाहीं.

१५२१ सालीं राज्य परत मिळविण्यासाठीं पुन्हां युद्ध झालें. फ्रान्सिसचे दोघे वडील बंधु नाव्हारच्या बाजूनें लढले. त्याच युद्धांत २० मे रोजीं पाम्प्लोनाच्या किल्ल्यावर, स्पेनच्या बाजूनें लढणाऱ्या एका सरदाराच्या पायावर तोफेचा गोळा आदळला व पाय मोडला. त्या सरदाराचें नांव इग्नेशियस लोयोला. देवाची योजना पाहा! ज्या माणसाच्या हातून फ्रान्सिसचें मन वळावयाचें होतें, तो प्रथम त्याच्या घराण्याच्या शत्रुपक्षांत उभा होता.

१५२५ सालीं, वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं, फ्रान्सिस पॅरिसच्या विद्यापीठांत शिकावयास गेला. भावांनीं तलवार धरली होती, यानें ग्रंथ धरले. हेतु मात्र एकच, घराण्याची प्रतिष्ठा. संत बार्बरा विद्यालयांत त्याच्या खोलींत पीटर फेबर नांवाचा त्याच्याच वयाचा विद्यार्थी राहत असे. हा सव्हॉय प्रांताच्या डोंगरांतला, लहानपणीं मेंढ्या राखलेला, स्वभावानें गरीब. सव्हॉय हें नांव मराठवाड्यांतील आपणां कॅथलिकांस परकें वाटूं नये. १८९२ सालीं ज्यांनीं घोगरगांवीं मिशनचें काम सुरू केलें, त्या संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नांवाच्या मिशनरी संघाची स्थापना १८३८ सालीं याच सव्हॉयमधील आनसी येथें झाली होती.

फ्रान्सिस मात्र फेबरहून निराळ्या घडणीचा होता. उमदा, मानी, उड्यांच्या खेळांत पटाईत. १५३० सालीं त्यानें विद्यापीठाची श्रेष्ठ पदवी मिळविली व दुसऱ्या एका विद्यालयांत तो ॲरिस्टॉटलचें तत्त्वज्ञान शिकवूं लागला. पाम्प्लोनाच्या मुख्य मंदिरांत मानाचें व उत्पन्नाचें धर्मपद मिळवावें, असा त्याचा विचार होता, आणि त्यासाठीं १५३१ सालीं त्यानें आपल्या कुलीनपणाचा सरकारी दाखला मिळावा म्हणून अर्ज केला. येथें वाचकांनीं क्षणभर थांबावें. हा तरुण नास्तिक नव्हता. व्यसनी नव्हता. तो धर्मपदच मागत होता. परंतु देवाच्या घरांत सुद्धां त्याला स्वतःची गादी मांडावयाची होती. हट्टाचें हें रूप सर्वांत फसवें होय.

१५२९ सालींच त्या खोलींत तिसरा मनुष्य राहावयास आला होता. वय अडतिसाच्या सुमारास, चालतांना पाय लंगडत असलेला, वेष साधा, निर्वाह भिक्षेवर. हाच तो पाम्प्लोनाचा जखमी सरदार. अंथरुणास खिळला असतांना ख्रिस्ताचें व संतांचीं चरित्रें वाचून त्यानें तलवार टाकली होती, आणि मोठ्या वयांत मुलांच्या शेजारीं बसून लॅटिन शिकून तो पॅरिसच्या विद्यापीठांत दाखल झाला होता. फेबर त्यास पाठ समजावून सांगूं लागला, व थोड्याच काळांत शिकविणारा स्वतःच शिष्य बनला. फ्रान्सिस दूर राहिला. इग्नेशियसच्या दारिद्र्याची व त्याच्या मागें लागलेल्या विद्यार्थ्यांची तो थट्टा करी. कुलीन माणसानें भीक मागावी, ही कल्पनाच त्यास सहन होत नसे. आपल्या हातून मळल्या गेलेल्या पिठांत हा गोळा सर्वांत घट्ट, असें इग्नेशियसनें पुढें त्याच्याविषयीं बोलून दाखविलें, असें जुने चरित्रकार सांगतात.

मग हा गोळा मळला गेला तो कसा? इग्नेशियसनें त्यास वादांत हरविलें नाहीं. वादांत हरलेलें मन नमत नाहीं, तें अधिकच ताठ होतें. फ्रान्सिसच्या व्याख्यानांस विद्यार्थी कमी पडले, तेव्हां इग्नेशियसनें विद्यार्थी मिळवून दिले. पैशाची तंगी आली, तेव्हां स्वतः मागून आणलेल्या पैशांतून मदत केली. थट्टेस थट्टेनें उत्तर दिलें नाहीं. आणि संधि मिळेल तेव्हां शुभवर्तमानांतील एकच प्रश्न तो त्याच्यापुढें ठेवी, अशी परंपरा आहे. सगळें जग कमावून आत्मा गमावणाऱ्याच्या पदरीं शेवटीं काय उरतें, हा तो प्रश्न. जग कमावण्याचा हिशेब फ्रान्सिस रोजच मांडीत होता. त्याच हिशेबांत हा प्रश्न चपलेंतल्या खड्यासारखा टोंचूं लागला.

असें एक नव्हे, दोन नव्हे, जवळजवळ चार वर्षें चाललें. १५३३ सालीं फेबर आपल्या घरच्यांना भेटावयास सव्हॉयला गेला. १५३४ च्या आरंभीं तो परत येऊन पाहतो, तों फ्रान्सिस पार बदललेला. संत पौलाप्रमाणें तो वाटेवर कोसळला नाहीं, कीं आकाशांतून वाणी झाली नाहीं. एका साध्या खोलींत, एका धीराच्या मित्राच्या संगतींत, मनाची मूठ हळूहळू उघडली.

आपली काळी जमीन उन्हाळ्यांत कशी होते, हें आपण जाणतों. ढेकूळ दगडासारखें होतें, वखर लागत नाहीं, भेगा पडतात. ढेकूळ घणानें फोडलें तर त्याचे तुकडे होतात, पण पेरण्याजोगी माती होत नाहीं. मृगाचे दोन चांगले पाऊस झाले, कीं तेंच ढेकूळ आपोआप विरघळतें. शिवाय ओल धरून ठेवण्याची ताकदहि याच जमिनींत असते; मुरमाड माळाला ती नसते. फ्रान्सिसचें मन या काळ्या जमिनीच्या जातीचें होतें. देवानें तें फोडलें नाहीं, तें भिजविलें.

१५ ऑगस्ट १५३४ रोजीं, पवित्र मारियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणीं, पॅरिसजवळील मोंमार्त्र टेकडीवरच्या लहानशा प्रार्थनामंदिरांत सात मित्र जमले. त्यांच्यांत धर्मगुरु एकटा फेबर होता. त्यानें मिस्सा केला, व सर्वांनीं दारिद्र्य व ब्रह्मचर्य यांचीं आणि यरुशलेमास जाऊन सेवा करण्याचीं व्रतें घेतलीं. त्या सातांत फ्रान्सिस होता. त्यानंतर लवकरच त्यानें इग्नेशियसच्या पद्धतीप्रमाणें एकांतांत आध्यात्मिक साधना केली. आपल्या उड्यांविषयीं त्याला जो गर्व वाटत असे, त्याचें प्रायश्चित्त म्हणून त्या वेळीं त्यानें हातपाय दोरीनें इतके आवळले, कीं दोरी मांसांत रुतली व हात जातो कीं काय अशी भीति पडली, असें सांगतात. अशा देहदंडाचें अनुकरण कोणी करूं नये. तरी मन किती जोरानें उलट दिशेस वळलें होतें, हें यावरून दिसतें.

१५३६ सालच्या ऑगस्ट महिन्यांत कुलीनपणाचा तो दाखला अखेर मंजूर झाला. पांच वर्षांपूर्वीं ज्यानें तो मागितला होता, तो फ्रान्सिस आतां उरला नव्हता. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत तो मित्रांसह पायीं व्हेनिसच्या वाटेस लागला.

व्हेनिसमध्यें असाध्य रोग्यांच्या रुग्णालयांत त्यानें सेवा केली. कुजलेल्या जखमांची त्यास विलक्षण किळस येई, आणि ती किळस त्यानें प्रयत्नानें जिंकली. मनाची शरणागति एकदां घोषित करून भागत नाहीं. ती हातांपर्यंत, डोळ्यांपर्यंत, नाकापर्यंत पोंहोंचावी लागते. २४ जून १५३७ रोजीं त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली.

१५४० सालीं पोर्तुगालचे राजे तिसरे जॉन यांनीं हिंदुस्थानासाठीं धर्मप्रसारक मागितले. ज्यांची निवड झाली होती, ते बोबादिया आजारी पडले, आणि राजाचे वकील निघण्याच्या तयारींत होते. इग्नेशियस यांनीं फ्रान्सिसना विचारलें. एका दिवसाच्या सूचनेवर ते निघाले. पाम्प्लोनाच्या गादीसाठीं ज्यांनीं वर्षानुवर्षें खटपट केली, त्यांना पृथ्वीच्या दुसऱ्या टोंकास जाण्यास एक दिवस पुरला. दोघां मित्रांची पुन्हां कधीं भेट झाली नाहीं.

७ एप्रिल १५४१ रोजीं, आपल्या पस्तिसाव्या वाढदिवशीं, त्यांनीं लिस्बन सोडलें, व तेरा महिन्यांनीं, ६ मे १५४२ रोजीं, ते गोव्यास उतरले. पोपमहाशयांनीं त्यांना आपला प्रतिनिधि म्हणून अधिकारपत्रें दिलीं होतीं. तीं त्यांनीं गोव्याच्या महागुरुस्वामींच्या पुढें ठेवलीं, व त्यांच्या संमतीवांचून त्यांचा उपयोग न करण्याचें ठरविलें. राहण्यास रुग्णालय निवडलें. कैदी व महारोगी यांची सेवा केली, आणि हातांत घंटा घेऊन रस्त्यांतून मुलांना गोळा करून ते धर्मशिक्षण देऊं लागले.

पुढील दहा वर्षांचा प्रवास नुसता वाचतांनाहि थकवा येतो. दक्षिण किनाऱ्यावरील कोळी बांधवांत ते तमिळ भाषेंत प्रार्थना पाठ करून शिकवीत फिरले. मलाक्का, मोलुक्का बेटें, पुन्हां हिंदुस्थान. १५४८ सालीं ते आपल्या वसईसहि येऊन गेले. १५ ऑगस्ट १५४९ रोजीं, मोंमार्त्रच्या व्रतास बरोबर पंधरा वर्षें झालीं त्या दिवशीं, त्यांनीं जपानच्या भूमीवर पाऊल ठेवलें. पॅरिसमध्यें जी चिकाटी देवाला अडवीत होती, तीच आतां देवाच्या कामीं आली. जपानांतील एक गोष्ट आम्हांस विशेष वाटते. यामागुची येथील सरदारापुढें ते प्रथम फाटक्या वेषांत गेले, व त्याचा कांहीं उपयोग झाला नाहीं. दुसऱ्या खेपेस, १५५१ सालीं, ते उत्तम वस्त्रें नेसून, राजदूत म्हणून, नजराणे घेऊन गेले, आणि धर्मोपदेशाची परवानगी मिळाली. एके काळीं वैभव सोडतांना ज्यांचा जीव अडत होता, त्यांनीं आतां देवाच्या कामासाठीं आपल्या फाटक्या कपड्यांचाहि हट्ट धरला नाहीं.

संतहि माणूसच असतो व आपल्या काळाचा असतो, हेंहि येथें सांगितलें पाहिजे. १५४६ सालीं त्यांनीं पोर्तुगालच्या राजास पत्र लिहून हिंदुस्थानांत धर्मन्यायालय स्थापावें अशी मागणी केली. तें न्यायालय त्यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनीं, १५६० सालीं, गोव्यांत आलें, व त्याच्या हातून पुष्कळांना दुःख भोगावें लागलें. सत्याच्या नांवाखालीं धर्मपुत्रांनीं वापरलेल्या अशा बळजबरीबद्दल पोप दुसरे जॉन पॉल यांनीं २००० सालच्या महाजुबिलीत जाहीरपणें देवाची क्षमा मागितली. यावरून आम्ही एवढेंच शिकतों, कीं देवास शरण गेलेल्या मनांतहि कांहीं कोपरे नांगरावयाचे राहून जातात, आणि ज्या धर्मसभेनें जुबिली पाळावयाची, तिनेंहि स्वतः गुडघे टेकावे लागतात.

१५५२ सालीं फ्रान्सिस चीनच्या वाटेस लागले. मलाक्काच्या पोर्तुगीज कप्तानानें त्यांच्या मोहिमेंत अडथळा आणला, त्यांच्याबरोबर जावयाच्या राजदूतास अडवून धरलें. तरी ते निघाले, व चीनच्या किनाऱ्यासमोरील सांचियान बेटावर जाऊन नावेची वाट पाहत राहिले. नाव आलीच नाहीं. ताप आला. ३ डिसेंबर १५५२ रोजीं, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षीं, अंतोनियो नांवाच्या एका चिनी ख्रिस्ती सोबत्याच्या सान्निध्यांत त्यांनीं देह ठेवला. चीन समोर दिसत होता, आणि तोहि त्यांना देवाच्या हवालीं करावा लागला. जो मनुष्य प्रथम आपली महत्त्वाकांक्षा सोडण्यास तयार नव्हता, त्यानें शेवटीं देवासाठीं केलेला बेतहि देवाला परत दिला. ही शेवटची शरणागति सर्वांत अवघड, असें आम्हांस वाटतें.

पुढच्या वर्षीं, जून १५५३ मध्यें, इग्नेशियस यांनीं रोमहून त्यांना युरोपांत परत बोलावणारें आज्ञापत्र धाडलें. मित्र जगांत नाहीं, ही वार्ता तेथें अजून पोंहोंचली नव्हती. १५५४ च्या मार्चमध्यें त्यांचा देह गोव्यास आणण्यांत आला. १२ मार्च १६२२ रोजीं पोप पंधरावे ग्रेगरी यांनीं इग्नेशियस व फ्रान्सिस या दोघांनाहि एकाच दिवशीं संतपद दिलें. मळणारा व मळलेला, दोघे एकत्रच वेदीवर चढले.

धर्मबंधूंनो, आतां आपल्याकडे वळूं. पाम्प्लोनाची गादी आपणांस कोणी देणार नाहीं; पण आपापला कुलीनपणाचा दाखला प्रत्येकाच्या खिशांत असतोच. हातभर बांधावरून दोघे सख्खे भाऊ वर्षानुवर्षें बोलत नाहींत, व एकाच मिस्सेंत ख्रिस्तप्रसाद घेऊन दोन दारांनीं बाहेर पडतात. सून व सासू एका चुलीवर दोन अबोले शिजवितात. कोणी पापनिवेदनास येत नाहीं, कारण मागील वेळीं धर्मगुरु कांहीं बोलले. कोणी मंदिरास देणगी देतो, पण पाटीवर नांव खालीं आलें म्हणून रुसतो. हे सर्व चांगले लोक आहेत. फ्रान्सिसहि चांगलाच होता. म्हणूनच या जुबिलीत प्रत्येकानें शांतपणें स्वतःस विचारावें, कीं देवास आपण कोणत्या बांधावर अडवून ठेवलें आहे.

आणि ज्यांच्या घरांत एखादा मुलगा, पति किंवा भाऊ देवापासून दूर गेला आहे, त्यांनीं इग्नेशियसकडे पाहावें. टोमणे, धाक व शपथा यांनीं ढेकूळ फुटतें, विरघळत नाहीं. त्याच्या अडचणीस धांवून जावें, त्याची थट्टा सोसावी, योग्य वेळीं एक खरा प्रश्न विचारावा, आणि वाट पाहावी. चार वर्षें लागतील, कदाचित् अधिक. फ्रान्सिसनें या मैत्रीचें मोल जाणलें होतें. दूर पूर्वेकडे फिरतांना ते आपल्या सोबत्यांच्या सह्या, त्यांच्या पत्रांतून कापून, एका लहानशा पिशवींत घालून गळ्यांत बाळगीत असत. आपणांस देवाकडे नेणाऱ्यांचीं नांवें आपणहि अशीं जपूं या: कोणाची आई, कोणाचे धर्मशिक्षक, कोणाची खेड्यापाड्यांतून जपमाळ घेऊन फिरलेली एखादी म्हातारी आजी.

जुबिलीच्या वर्षीं जमीन मूळ धन्यास परत जावी, असा देवाचा नियम होता. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या विनवणीनें तोच नियम आपल्या घराघरांत पाळला जावो, रुसलेले भाऊ या महोत्सवाच्या पंक्तीस शेजारीं बसोत, आणि येत्या ३ डिसेंबरला, संताच्या सणाच्या दिवशीं, आपल्या मंदिरांत पापनिवेदनासाठीं रांग लागो, एवढीच प्रार्थना आम्ही प्रभु येशू ख्रिस्ताच्या चरणीं करतों. आमेन.